उत्तर विचारणाऱ्याने चहा करायचा

त्याची नि माझी ओळख झाली तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि त्याला बोलता येत नव्हतं. ती शांतता जेमतेम अर्धा मिनिट टिकली. त्यानंतर आजतागायत नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही दात बनवतो. कॅप, ब्रिज, कवळ्या, काय हवं ते. पेशंटचं तोंड आम्हाला सहसा दिसत नाही, त्याचा प्लास्टरचा साचा तेवढा दिसतो. पण पुढचा दात असला की रंग तंतोतंत जुळावा लागतो, म्हणून कधी कधी डॉक्टर पेशंटलाच आमच्याकडे धाडतात. हा तसाच आलेला. लिफ्टा दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पाना निसटला, थेट पुढच्या दातावर बसला आणि अर्धा दात घेऊन गेला. उरलेल्या अर्ध्यासकट तो मजेत हसत होता.

मी त्याला खिडकीशी बसवलं. दाताचा रंग दिव्याखाली बघायचा नसतो, दिवसाच्या उजेडात बघायचा असतो. रंगपट्टी काढली — म्हणजे पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने लावलेले नमुन्याचे दात — आणि एक नमुना त्याच्या दाताशी धरला, तोच ढग आला.

"तोंड मिटा," मी म्हटलं. "दात वाळला की रंग बदलतो. ऊन येईपर्यंत बसावं लागेल."

"बसतो की," तो म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

तिथेच घोळ झाला. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरवर गेम तसाच थांबवलेला होता. जेवणाच्या सुट्टीत मी खेळते. गोळ्या घालायचे, गाड्या पळवायचे गेम नव्हेत — जुने, संथ, ज्यात एक माणूस खोल्याखोल्यांतून हिंडतो, दिसेल ती वस्तू खिशात घालतो आणि नको त्या वस्तूला नको ती वस्तू लावून कोडी सोडवतो. या गेममध्ये एका सुताराला राजाची मोडकी खुर्ची दुरुस्त करायला महालात जायचं होतं, आणि पहारेकरी दारात आडवा पसरून घोरत होता. कित्येक दिवस मी त्या पहारेकऱ्यापाशी अडकले होते. आंघोळ करताना, बसची वाट बघताना, साचे ओतताना डोक्यात तोच घोरत होता.

"अरे, हा अजून झोपलेलाच?" तो म्हणाला. "ओला मोजा पंख्याला बांधा. वासाने झोपेतच उठतो आणि पलीकडे जाऊन झोपतो."

मी रंगपट्टी खाली ठेवली.

"तुम्ही उत्तर सांगितलंत."

"हो... म्हणजे, तुम्ही अडकला होतात ना?"

"अडकायचंच असतं. त्यासाठी तर खेळतात."

त्याने यावर मनापासून विचार केला. "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं असं म्हणत नाहीत," तो म्हणाला.

मला हसू आलं आणि हसू आलं याचाच जास्त राग आला. एवढ्या दिवसांची माझी मेहनत या माणसाने एका वाक्यात पाण्यात घालवली होती, आणि वर अर्धा दात दाखवत बसला होता.

"हे बघा," मी म्हटलं, "यापुढे मी विचारल्याशिवाय मला कुठलंही उत्तर सांगायचं नाही. कुठलंही म्हणजे कुठलंही. वचन द्या, नाहीतर तुमचा दात मी पिवळा करीन."

"दिलं." मग जरा थांबून, "आणि इशारा?"

"इशारा चालेल."

ऊन आलं. मी वाकून रंग बघायला लागले. इतर पेशंट अशा वेळी छताकडे बघतात. हा सरळ माझ्याकडे बघत होता. माझा नेम कधी चुकत नाही, त्या दिवशी नमुना त्याच्या ओठाला लागला.

"सॉरी," मी म्हटलं.

"अं-अं," तो म्हणाला. तोंड उघडं होतं.

जाताना दारात उभा राहून त्याने विचारलं, असं मुद्दाम अडकणारी आणखी माणसं गावात आहेत का. आहेत, मी म्हटलं. रविवारी दुपारी, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत.

आमचा तो रविवारचा कंपू म्हणजे काही फार मोठा नाही. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, ज्या स्वतः कधी खेळत नाहीत, कोपऱ्यात मटार सोलत बसतात आणि कोडं आमच्या आधी ओळखतात. शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, ज्यांना प्रत्येक गेमच्या नकाशात चूक सापडते. आणि मी. एक पडदा, एक माउस, पाळीपाळीने खेळायचं.

आमचा एक नियम आहे. खेळणारा अडकला आणि दुसऱ्याला उत्तर ठाऊक असलं, तरी सांगायचं नाही. पहिला इशारा म्हणजे नुसतं खाकरायचं: 'तू भलत्याच जागी शोधतोयस.' दुसरा इशारा, जागेचं नाव. तिसरा, वस्तूचं नाव. त्याउपर कुणाला थेट उत्तर हवंच असेल, तर त्याने सरळ तोंडाने विचारायचं आणि मग वर वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा.

"आजवर एकानेही केलेला नाही," वहिनींनी त्याला पहिल्याच रविवारी सांगितलं. "मान मोडली तरी चालेल, पण वाकायची नाही. चहा आपला मीच आणते."

"आणि ही?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

"ती तर मेली तरी विचारायची नाही," दादा म्हणाले. ते खरं होतं.

तो दर रविवारी यायला लागला. त्याच्या दाताला तोवर मी कॅप करून दिली होती, तिसऱ्या रविवारपर्यंत आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो आणि चौथ्याला माउसवरून भांडलो. कमी खेळायचो, जास्त बोलायचो. एकदा विषय निघाला की गेममध्ये हसू नेमकं येतं कशाला.

"चुकायला," मी म्हटलं. "बरोबर उत्तराला काय हसू येणार? मी अडकले होते तेव्हा त्या पहारेकऱ्याच्या डोक्यावर रंधा मारून बघितला. सुतार म्हणाला, 'इथे आधीच गुळगुळीत आहे.' सूप करवतीने कापलं. तर म्हणाला, 'कापून झालं. सुपाला काही वाटलेलं दिसत नाही.' हे ज्याने लिहिलं ना, त्याने माझ्यासारखी खुळी माणसं बघितलेली असणार."

"सूप गरम होतं की थंड?" मास्तरांनी विचारलं.

"मला वाटतं, त्या सुतारामुळे हसू येतं," लिफ्टवाला म्हणाला. "तो स्वतः एकदाही हसत नाही. त्याला खरोखरच खुर्ची दुरुस्त करायची आहे. त्याची पंचाईत खरी आहे."

"म्हणजे पंचाईत खरी असली की विनोद?"

"दुसऱ्याची असली की विनोद. आपली असली की नुसती पंचाईत."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता. वहिनींनी मटार सोलता सोलता वर पाहिलं आणि पुन्हा खाली. मला वाटलं, तो सुताराबद्दल बोलतोय.

त्यानंतर तो लॅबमध्ये आला, म्हणाला, कॅपचा रंग जुळत नाही.

आता, माझ्या हातचा रंग चुकत नाही. हा गर्व नाही, माझी रोजीरोटी आहे. मी त्याला खिडकीशी उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. रंग हुबेहूब होता. तरी म्हटलं, पेशंट म्हणतोय तर बघू. लॅबच्या मालकांसमोर, म्हणजे आमच्या सरांसमोर, मान खाली घालून दुसरी कॅप केली. डॉक्टरांनी ती बसवली. पुढच्या आठवड्यात हा पुन्हा हजर.

"किंचित निळसर वाटते," तो म्हणाला.

"निळसर?"

"ढग आल्यावर."

घरी जाऊन मी आदळआपट केली. बाबांनी त्यांची कवळी काढून रुमालात ठेवली — मीच केलेली, उत्तम बसते, पण टीव्ही बघताना त्यांना ती नको असते — आणि बोबडं बोलत म्हणाले, "मला तर काही त्रास नाही बुवा. त्याला कसला एवढा?"

"त्याला दाताचा त्रास नाहीये," आई म्हणाली.

"तेच सांगतेय, रंगाचा आहे," मी म्हटलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला कोडी कशी गं सुटतात?" आणि भांडी घासायला गेली.

शिवाय आम्ही राहतो त्या इमारतीच्या लिफ्टला एकाएकी तेलपाण्याची फार गरज भासायला लागली. दर दोन-तीन दिवसांनी हा ग्रीसचा डबा घेऊन यायचा. आमच्या मजल्यावरच लिफ्ट थांबवून ठेवायचा, दार उघडं. मी जाता-येता म्हणायचे, "काय रे, हिचं दुखणं काही बरं होत नाही वाटतं?" तो म्हणायचा, "मुरलंय. वेळ लागेल." मी म्हणायचे, "चांगला मेकॅनिक बघ एखादा." आणि जिन्याने उतरताना माझ्या लक्षात यायचं की आपण उगाचच हसतोय, आणि तो ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी साचे ओतताना बुडबुडे राहतात.

आवडायला लागला होता मला. ते मला कळत होतं, मी काही दगड नाही. फक्त, त्याच्या बाजूने काही असेल तर तो बोलेल, असं मी धरून चालले होते. जो माणूस ओला मोजा पंख्याला बांधा म्हणून पहिल्या भेटीत सांगून मोकळा होतो, त्याच्या पोटात काही राहील, असं कुणाला वाटेल? तो काही म्हणत नव्हता, म्हणजे काही नव्हतं. मी मनाशी तसं पक्कं केलं आणि अधूनमधून रडूनही घेतलं.

मग तो रविवार आला. माउस माझ्या हातात होता. पडद्यावर घड्याळजीचं दुकान, बंद कपाट, किल्ली सापडत नाही. तो नेहमीच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला कंपनीने बंदराच्या गावी बोलावलंय. मोठ्या इमारती आहेत तिकडे. पगार बरा आहे, बढती आहे. कायमचंच जावं लागेल. उद्या सकाळपर्यंत कळवायचंय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी पडद्याकडे बघितलं.

"मग कळव की," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. "कळवतो." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलायला बाहेर गेला.

मी घड्याळजीच्या दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर क्लिक करायला लागले. लंबक. आरसा. मांजर. डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसत नव्हतं.

दादा खाकरले.

मी लंबक सोडून घड्याळजीच्या मागच्या खोलीत गेले. मास्तर खाकरले. तिथून शिडीने तळघरात गेले. दादा पुन्हा खाकरले, जोरात. मी परत वर आले, रस्त्यावर गेले, विहिरीत डोकावले. आता दोघं आलटून पालटून खाकरत होते. मला कळेना, या गेममध्ये आणखी जागा तरी कुठे उरलीय?

"सर्दीची साथ आलीय का?" मी चिडून म्हटलं. "दुसरा इशारा द्या सरळ."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "जिना," ते म्हणाले.

"या गेममध्ये जिनाच नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "भूगोल तसा सोपा आहे."

वहिनींनी मटारची परात बाजूला ठेवली. "तिसरा मी देते," त्या म्हणाल्या. "पुढचा दात."

मी माउस खाली ठेवला. मग एकेक गोष्ट जागच्या जागी बसायला लागली: निळसर कॅप, लिफ्टचं मुरलेलं दुखणं, ग्रीसचा डबा, आईचं वाक्य. या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या घरात ठाऊक होतं. आणि नियमाला जागून एकानेही सांगितलं नव्हतं.

खोलीबाहेर वर जाणारा अरुंद जिना आहे. तो मधल्या पायरीवर बसला होता. फोन बंद करून हातात धरलेला. मी शेजारी बसले. खांद्याला खांदा लागला. रविवार असून त्याच्या बाहीला ग्रीसचा वास येत होता.

"काय म्हणाले?"

"साहेब म्हणतायत, उद्यापर्यंत कशाला, आजच सांग."

"आत सगळे खाकरतायत."

"ऐकू आलं," तो म्हणाला.

"कॅपचा रंग चुकला नव्हता."

"तंतोतंत होता."

"मी ती सरांसमोर बदलून दिली."

"तीही तंतोतंत होती."

"आणि लिफ्ट?"

"त्या लिफ्टला काहीही झालेलं नाही. इतकं तेल पाजलंय की उलट आता काहीतरी होईल."

मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. "अरे, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

तो माझ्याकडे वळला. "तू वचन घेतलंस. विचारल्याशिवाय कुठलंही उत्तर सांगायचं नाही. कुठलंही म्हणजे कुठलंही."

"ते गेमचं होतं."

"तसं म्हणाली नव्हतीस. म्हणालीस, इशारा चालेल. मी इशारे दिले. जेवढे सुचले तेवढे दिले." तो हातातला फोन उलटसुलट करत राहिला. "मला वाटलं, तुला कळलंय आणि तुला नको आहे, म्हणून विचारत नाहीस. एकदा तुझी मजा घालवली होती मी. परत घालवायची नव्हती."

खुळा. पण तो दिलेला शब्द पाळणारा खुळा होता, आणि मी पक्की ओळखून होते की मी गप्प बसले तर तो तसाच बॅग भरून बंदराच्या गावी जाईल, तिथल्या लिफ्टा दुरुस्त करील आणि वचन मोडणार नाही. मी जन्मात कुणाला उत्तर विचारलं नव्हतं. शाळेत नाही, कामावर नाही, या खोलीत तर नाहीच नाही. खाकरावंसं वाटलं, पण तो इशारा झाला असता.

"बरं," मी म्हटलं. "विचारते. उत्तर सांग."

"नक्की?"

"सांग म्हणतेय ना."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. अगदी सरळ, मोजा पंख्याला बांधा म्हणावं तसं. "पहिल्या दिवशी नुसती भीती वाटली. घरी गेलो आणि वाटलं, परत जाऊन तो ओरडा पुन्हा खावा. तेव्हापासून तेच चाललंय. मला कुठे जायचं नाहीये. पण तुझ्या मनात काही नसेल, तर इथे राहून रोज ती लिफ्ट बघणं मला जमायचं नाही... म्हणून जाणार होतो."

जिन्यावर उजेड बेताचाच होता. रंग बघण्यासारखा नव्हता. तरी मी त्याच्या पुढच्या दाताकडे बघत राहिले, कारण डोळ्यांत बघवेना.

"आता तुझं उत्तर," तो म्हणाला.

"विचारतोयस?"

"विचारतोय. सरळ. इशारे पुरे झाले."

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "कधीपासून ते माहीत नाही, पण तू येत नाहीस तेव्हा माझे साचे बिघडतात. जाऊ नकोस." मग पटकन पुढे म्हटलं, "आणि पगाराचं काय, बढतीचं काय?"

"लिफ्टा इथेही बंद पडतात," तो म्हणाला. त्याने फोन लावला. माझा हात हातात घेऊन लावला, त्यामुळे एका अंगठ्याने नंबर दाबायला त्याला बराच वेळ लागला. "साहेब? मी नाही येत तिकडे... हो, पक्कं. इथे एक अडचण आहे... नाही, सुटण्यासारखी नाही."

"अडचण कोण?" मी विचारलं.

"उत्तर हवंय का?"

खालून वहिनींचा आवाज आला. किती वेळ तिघं दाराशी उभे होते देव जाणे. "दोघांनी विचारलंय हं. दोघांनी चहा करायचा."

आम्ही वर गेलो. वहिनींच्या स्वयंपाकघरात मला डबे सापडेनात आणि त्याला गाळणी सापडेना, तेव्हा आम्ही सवयीप्रमाणे दिसेल ते सगळं उघडून बघितलं. ओट्याशी जागा एकाच माणसापुरती होती. तो मागून साखरेच्या डब्याकडे हात लांबवायचा आणि तिथेच ठेवायचा. मी सरकले नाही. पाणी उकळून अर्धं झालं, पुन्हा घातलं. मी साखर घातली. मी आल्याचा तुकडा शोधत होते तेव्हा त्यानेही घातली, आणि दोघांनी एकमेकांना ते सांगितलं नाही.

कप घेऊन खाली आलो. दादांनी उठून मला खुर्ची दिली, मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, वहिनी आयत्या चहाकडे डोळे भरून बघत होत्या. सगळ्यांनी कप तोंडाला लावले, एकेक घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं, आणि नियमाप्रमाणे कुणी काही न सांगता तिघंही एकदम खाकरले.